काटेरी अळ्या आणि एका पानाचा तक्ता

“सर, ही कधी उडणार?” चेअरमन खैरनार साहेबांनी मला तिसऱ्यांदा विचारलं.

रविवारची सकाळ होती. गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या बागेत, हिरव्या जाळीच्या खोलीसमोर आम्ही उभे होतो. मागे बरेच रहिवासी, मोबाइल वर धरून. बाजूला प्रमुख पाहुणे, हातात कात्री. फीत कापायची, दार उघडायचं आणि फुलपाखरांचा थवा बाहेर पडायचा, असा कार्यक्रम होता. फीत कापून दहा मिनिटं झाली होती. थव्याचा पत्ता नव्हता.

आत किडे भरपूर होते. जाळीला, बांबूला, कोपऱ्यातल्या कुंड्यांना चिकटून बसले होते. रंग मातकट, पंख पाठीवर कौलांसारखे उतरते मिटलेले. एकालाही बाहेर यायची घाई नव्हती. एका काकूंनी जाळी हलवून पाहिली. एक किडा उडाला, दोन फूट गेला आणि परत सावलीत जाऊन बसला.

“उडणार नाहीत,” मी म्हणालो. “ही फुलपाखरं नाहीत. पतंग आहेत. अंधार पडल्याशिवाय हलायचे नाहीत.”

पाहुणे सभ्य होते. “छान आहेत. मातीशी नातं सांगणारा रंग आहे,” असं म्हणून ते पुढच्या फितीकडे रवाना झाले. सोसायटीतले लोक पाहुणे नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर सभ्यतेचं बंधन नव्हतं. बटाटेवडे संपेपर्यंत त्यांनी दोषी शोधूनही काढला. बागेत काम करणाऱ्या करुणाताई. अळ्या त्यांनीच गोळा केल्या होत्या. कुठली ठेवायची आणि कुठली मारायची हे त्यांनीच रोज ठरवलं होतं. म्हणजे चूक त्यांची, हे दोन अधिक दोन इतकं सरळ होतं.

मी तिथे वडा खात उभा होतो. काही बोललो नाही. का बोललो नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी कीटकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कृषी महाविद्यालयात चौतीस वर्षं शिकवलं. माझी पीएचडी पिठ्या ढेकणावर. हा द्राक्षाच्या घडात शिरून बसणारा पांढरा, कापसासारखा किडा. निफाडकडचा कुठलाही बागाईतदार त्याला नावानिशी ओळखतो आणि नावानिशीच शिव्या देतो. पण लोकांच्या लेखी कीटकतज्ज्ञ म्हणजे सगळ्या किड्यांचा तज्ज्ञ. दातांच्या डॉक्टरला कुणी मूळव्याध दाखवत नाही, मला मात्र झुरळापासून मधमाशीपर्यंत सगळं दाखवतात. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडतं. निवृत्तीनंतर तर फारच आवडायला लागलं होतं.

सोसायटीचं नाव सांगत नाही. त्यात ‘ग्रीन’ आहे आणि ‘व्हॅली’ आहे, म्हणजे त्या रस्त्यावरच्या निम्म्या सोसायट्या त्यात आल्या. बिल्डरने फ्लॅट विकताना ब्रोशरमध्ये ‘बटरफ्लाय गार्डन’ छापलं होतं. ताबा मिळाल्यावर लोकांना दिसलं की गार्डन आहे, बटरफ्लाय नाही. बिल्डर म्हणाला, फुलपाखरं निसर्ग देतो, आम्ही जागा दिली. मग समितीने ठरवलं की आपणच आणू.

फुलपाखरू आणायचं तर त्याच्या अळीला खायला झाड लागतं. प्रत्येकीचं झाड ठरलेलं असतं. जेवणाच्या बाबतीत अळ्या आपल्यापेक्षा हट्टी. मी यादी दिली होती. लिंबू समितीने नाकारलं, मुलांना काटे लागतील म्हणून. रुई नाकारली, ती मारुतीला वाहायची असते, बिल्डिंगमध्ये लावायची नसते म्हणून. कढीपत्ता मंजूर झाला. तो शनिवारी लावला आणि बुधवारपर्यंत सोसायटीच्या आमट्यांमध्ये गेला. उरले एरंड, कोरांटी, कृष्णकमळाचा वेल आणि शोभेची म्हणून लावलेली तगर.

पाऊस स्थिरावला आणि अळ्या आल्या. फुलपाखरांच्या बागेत अळ्या येतात, याचा सोसायटीला मोठा धक्का बसला. सेक्रेटरी पिंगळे मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, “बागेत किडे झाले आहेत, कृपया समितीने दखल घ्यावी.” त्याच आठवड्यात एका मुलीला सुरवंट लागला. हातावर गांधी उठल्या. तिची आई औषध फवारा म्हणाली, दुसरी म्हणाली फवारलं तर फुलपाखरंही मरतील. दोन तट पडले. मग कुणीतरी तोडगा सुचवला: पतंगांच्या अळ्या मारायच्या, फुलपाखरांच्या ठेवायच्या. सगळ्यांना पटलं. कशी कुठली ओळखायची, हे सांगायला मला बोलावलं.

इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

फुलपाखरं आणि पतंग एकाच गणातले. लेपिडोप्टेरा, म्हणजे पंखांवर खवले असणारे. लोकांना वाटतं की फुलपाखरं हे एक कूळ आणि पतंग हे दुसरं. तसं नाही. पतंगांचं खानदान अफाट मोठं. त्यातली एक शाखा दिवसा हिंडायला लागली आणि रंगीत कपडे घालायला लागली, तिला आपण फुलपाखरं म्हणतो. त्यामुळे फुलपाखराची सगळीकडे चालेल अशी एक खूण अळीच्या अंगावर नसते. आधी तिचं घराणं ओळखावं लागतं. घराणं कळलं की ती कोण ते कळतं.

आणि घराणं ओळखायचं काम कष्टाचं आहे. अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय असतात. मागे पोटाखाली मऊ, मांसल पाय. त्यांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. सहा किंवा जास्त दिसल्या तर ती फुलपाखराची नाही आणि पतंगाचीही नाही, ती एका माशीच्या जातीची आहे आणि तुम्ही उगाच वेळ घालवताय. या मांसल पायांच्या तळव्यांना बारीक आकडे असतात. ते गोल रांगेत आहेत की अर्ध्या, हे भिंगातून पाहायचं. अंगावरच्या प्रत्येक केसाला शास्त्रात नाव आणि नंबर आहे. डोक्यामागच्या पहिल्या भागावर, श्वासाच्या छिद्रापुढे केस दोन की तीन, यावर घराणं बदलू शकतं. एका केसावरून दोन प्रोफेसर वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, असं मी पाहिलं आहे.

हे सगळं मी अकरा पानांत लिहून नेलं. आकृत्या काढल्या होत्या. तळटिपा होत्या. खैरनार साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अकरा पानं हातात धरून वजन केल्यासारखी खालीवर केली.

“सर, एक पान,” ते म्हणाले. “बागेतल्या बाईला वाचायचंय हे. तिने आकडे बघत बसायचं की झाडांना पाणी घालायचं?”

मी म्हणालो की एका पानात बसणार नाही, अपवाद फार आहेत.

“अपवाद नंतर बघू. नियम काय ते सांगा.”

मी ठाम राहायला हवं होतं. पण तेवढ्यात पिंगळे मॅडम म्हणाल्या की तक्त्यावर माझं नाव, पदवी आणि ‘प्रमुख मार्गदर्शक’ असं छापणार आहेत, बागेच्या दाराशी बोर्डही लावणार आहेत. माझं नाव कॉलेजच्या दारावरून उतरवलं त्याला सहा वर्षं झाली होती. मी घरी जाऊन एका पानाचा तक्ता केला. तो असा होता:

अंगावर केस किंवा काटे असलेली अळी : पतंगाची. साबणाच्या पाण्यात टाकावी.
गुळगुळीत अळी : फुलपाखराची. जाळीच्या खोलीत ठेवावी.
काढलेल्या अळ्यांपैकी रोज एक नमुना बाटलीत जपावा.

तिसरी ओळ सवयीने लिहिली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना तेच सांगत आलो. पहिल्या दोन ओळी लिहिताना मला माहीत होतं की त्या पूर्ण खऱ्या नाहीत. लाज नाही वाटली. खाली खूप जागा उरली होती, तिथे माझं नाव मोठ्या टायपात बसलं याचं बरं वाटलं.

समितीने तक्ता लॅमिनेट केला आणि माझ्या हस्ते करुणाताईंना दिला. तेव्हा त्यांची माझी पहिली भेट. चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला कमी. माहेर निफाडकडचं. आधी द्राक्षबागेत थिनिंग आणि डिपिंगची कामं करायच्या. घडातले मणी विरळ करायचे, घड औषधात बुडवायचे, ते काम. ते हंगामी. हंगाम संपला की घरी. इथे एका कंत्राटदारामार्फत लागल्या होत्या आणि त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं बारमाही काम होतं. दहावी झालेल्या. तक्ता त्यांनी दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

“सर, एरंडावरच्या काटेवाल्या अळ्या अंगाला लागत नायत. म्या हातात धरल्यात. त्या बी काढायच्या?”

चहा आला होता. “काटे म्हणजे काटेच,” मी म्हणालो, आणि कप उचलला.

त्यानंतर त्या तक्त्याबरहुकूम वागल्या. मी इतक्या काटेकोरपणे वागणारा माणूस सरकारी नोकरीत पाहिला नाही. सकाळी बागेत फिरून अळ्या वेचायच्या. काटेरी साबणाच्या बादलीत, गुळगुळीत जाळीत. जाळीतल्यांना रोज एरंडाचा ताजा पाला. सोसायटीकडे करोनाच्या काळातल्या सॅनिटायझरचा एक खोका पडून होता. त्यात स्पिरिट असतं. त्या बाटल्यांत त्यांनी रोजचा नमुना बुडवून ठेवला आणि बाटलीवर कुठल्या झाडावरची ते लिहिलं. नमुना ठेवायची माझ्या काही एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना इतकी शिस्त नव्हती.

ग्रुपवर जाळीतल्या अळ्यांचे फोटो यायचे. “आपली बाळं मोठी होत आहेत.” हृदयं, फुलं, हात जोडलेले. मी इंदिरानगरला घरी बसून चष्मा न लावता अंगठा दाखवायचो. एकदा करुणाताईंनी माझ्या नंबरवर फोटो पाठवला आणि लिहिलं की अळ्या पाल्यात शिरून, पानं गुंडाळून बसल्यात, लटकल्या नाहीत. फुलपाखराचा कोष सहसा उघडा असतो, काडीला किंवा पानाला टांगलेला. पाल्यात दडून कोष करणं ही पतंगांची रीत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे सांगेल. मी त्यावरही अंगठा दाखवला.

तर असा तो रविवार उगवला होता.

दुसऱ्या दिवशी खैरनार साहेबांचा फोन आला. समिती करुणाताईंना काढणार होती. कंत्राटदाराला पत्र जायचं होतं, त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द घालायचा होता. हा शब्द एकदा कंत्राटदाराच्या फायलीत गेला की तो त्या बाईला दुसरीकडे कुठे लावत नाही, हे साहेबांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण काढताना कारण पक्कं हवं, म्हणून तज्ज्ञाचा रिपोर्ट जोडायचा. नमुन्यांच्या बाटल्या माझ्याकडे पाठवत होते. मी फक्त एवढंच लिहायचं, की बाईंनी तक्ता नीट पाळला नाही.

“पाळला नसेल तर तसं लिहीन,” मी म्हणालो.

“नसेलच पाळला, सर. नाहीतर तुमचा तक्ता चुकला असं होईल ना.” ते हसले. मीही हसलो. माझं हसू जरा उशिरा आलं.

संध्याकाळी बाटल्या आल्या. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, जुनं भिंग काढलं आणि एरंडावरची पहिली बाटली उघडली. पाच मिनिटांत सगळं कळलं. भिंगाचीसुद्धा गरज नव्हती.

सुरवंटाच्या अंगावर असतात ते केस. बारीक, झुपक्यांनी उगवलेले, सुटून अंगाला लागणारे. बाटलीत होते ते काटे. अंगातूनच वर आलेले, टणक, आणि प्रत्येक काट्याला झाडासारख्या बारीक फांद्या. केस म्हणजे एक गोष्ट आणि हा फांद्यांचा काटा म्हणजे अगदी वेगळी. असे काटे फुलपाखरांच्या एका मोठ्या घराण्यात असतात. एरंडावरची ही अळी ज्याची होते ते फुलपाखरू विटकरी रंगाचं, त्यावर काळ्या नागमोडी रेघा. कृष्णकमळावरची बाटली उघडली, तीही काटेरी. ती केशरी फुलपाखराची. कोरांटीवरचीही तशीच. तीन झाडं, तिन्ही फुलपाखरांची. सगळ्या साबणाच्या पाण्यात गेल्या होत्या.

मग ग्रुपवरचे जुने फोटो चष्मा लावून पाहिले. जाळीत पाला खाऊन गुबगुबीत झालेल्या त्या गुळगुळीत अळ्या म्हणजे एरंडावरच्या उंटअळ्या. पाठीची अर्धी कमान करत चालतात, म्हणून उंट. ही एरंडाची जुनी कीड. शेतकरी तिच्यावर फवारण्या करतात. आम्ही तिला रोज दोन टोपल्या ताजा पाला घातला आणि तिच्या वाढदिवसाला फीत कापली.

म्हणजे तक्ता पाळला गेला होता. एकाही अळीच्या बाबतीत चूक नव्हती. चूक होती ती पहिल्या दोन ओळींत, आणि त्या ओळींखाली माझं नाव होतं.

मी काय केलं असेल? जे बहुतेक तज्ज्ञ करतात तेच. मी रिपोर्टचा असा मसुदा लिहिला की त्यात कुणीच चुकलेलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला वाटेल की बाई चुकली. “सदर तक्ता सर्वसाधारण स्वरूपाचा असून प्रत्यक्ष वापर करताना तारतम्य अपेक्षित होते.” हे वाक्य मी तीनदा वाचलं. चांगलं जमलं होतं. तारतम्य अपेक्षित होतं, पण कुणाकडून ते लिहिलं नव्हतं. बायकोने चहा ठेवताना कागद वाचला आणि विचारलं, “तारतम्य कुणी पाळायचं होतं?” मी म्हणालो, तो टेक्निकल शब्द आहे.

मंगळवारी दुपारी दाराची बेल वाजली. करुणाताई होत्या. पत्ता वॉचमनकडून घेतला म्हणाल्या. आत यायला तयार नव्हत्या, बायकोने आणलं. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि पिशवीतून तो लॅमिनेट केलेला तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील. दोन्हीची मी मनात तयारी करत होतो.

“सर, मी कुठं चुकले तेवढं दाखवा,” त्या म्हणाल्या. “काम तर जाणारच हाय. पण दुसरीकडं गेले तर परत तीच चूक नको व्हायला.”

मी तक्त्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या हजारो उत्तरपत्रिकांवर लाल रेघा मारल्या. इथे कुठे रेघ मारायची ते मला दाखवता येईना. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि बाटलीतली अळी चहाच्या बशीत ठेवली.

“हे काटे बघा. त्यांना फांद्या दिसतात?”

“दिसत्यात.”

“अशा फांद्या असल्या की ती बहुतेक फुलपाखराची.”

त्यांनी बशी फिरवून दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. मग भिंग हळूच खाली ठेवलं.

“म्हंजी मी केलं ते बरोबर व्हतं का चूक?”

“तक्त्याप्रमाणे बरोबर.”

“आन अळ्यांप्रमाणे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशीतल्या अळीकडेच बघत म्हणाल्या, “लय टाकल्या, सर. रोज बादली भरायची. मला वाटायचं, ह्या तर काय करत नायत. पण शिकलेल्या माणसानं लिवलंय म्हणल्यावर टाकल्या.”

मला मनापासून लाज वाटली. कॉलेजात माझा पेपर परत आला होता तेव्हा राग आला होता, प्रमोशन हुकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. लाज अशी ती त्या दिवशी वाटली. मी त्यांना सांगितलं की चूक तुमची नाही, माझी आहे, आणि तसंच लिहून देतो. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून विश्वास बसलेला दिसत नव्हता. चहा मात्र घेतला.

बुधवारी क्लब हाउसमध्ये समिती बसली. करुणाताईंना बाहेर उभं केलं होतं. मी म्हणालो, त्या आत आल्याशिवाय वाचणार नाही. त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली नाही, मग मीही उभ्यानेच वाचलं. रिपोर्ट तीन ओळींचा होता. तक्ता सदोष होता. तो मी केला होता. करुणाताईंनी तो तंतोतंत पाळला, म्हणूनच हे झालं.

मग पिंगळे मॅडमनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “मग नोटीस कुणाला द्यायची?”

“मला द्या,” मी म्हणालो.

खैरनार साहेबांनी उपविधी चाळले. मानद मार्गदर्शकाला नोटीस द्यायची त्यात सोय नव्हती. कंत्राटी बाईला काढायची होती. मार्गदर्शकाला फक्त पुष्पगुच्छ देता येत होता, तोही चेअरमनच्या अधिकारात. मग साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ‘सदोष’ हा शब्द फार कडक होतो. ‘अपुरा’ म्हणा. ‘संक्षिप्त’ म्हणा. शेवटी सोसायटीने तो छापलाय, समितीने मंजूर केलाय, समितीचंही नाव येतं त्यात.

“साहेब, एक पान तुम्ही मागितलंत, हे मी लिहिलेलं नाही,” मी म्हणालो. “शब्द बदलायचा असेल तर तेही लिहावं लागेल.”

‘सदोष’ राहिला.

चर्चा अजून अर्धा तास चालली, कारण सोसायटीची मीटिंग त्याआधी संपली तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. एका सदस्याने विचारलं की ज्या अळ्या मेल्या त्यांची भरपाई बिल्डरकडून मागता येईल का. दुसऱ्याने सुचवलं की बोर्डवर ‘बटरफ्लाय’च्या जागी ‘नेचर’ करावं, म्हणजे काहीही आलं तरी चालेल. हे एकमताने मंजूर झालं. मला वाटतं, त्या मीटिंगमधला शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक निर्णय तो एकच.

मग ठराव झाला की करुणाताईंची चूक नाही आणि त्या कामावर राहतील. पिंगळे मॅडमनी तो रजिस्टरमध्ये लिहून वाचून दाखवला. सगळे उठायला लागले, खुर्च्या सरकल्या. तेव्हा करुणाताई पहिल्यांदा बोलल्या.

“मॅडम, त्याची झेरॉक्स मिळंल? शिक्का मारून.”

कशाला हवी, असं मॅडमनी विचारलं. कामावर तर ठेवलंच आहे.

“मागच्या ठिकाणी बी चूक नव्हती,” त्या म्हणाल्या. “तिथं तोंडीच काढलं. मंग कुणी इचारलं तर दाखवायला काय नव्हतं.”

शिक्का कुठल्या कागदावर मारायचा याचे नियम आहेत, असं खैरनार साहेब म्हणायला लागले होते. मधेच थांबले. कपाटाची किल्ली काढली, शिक्का घेतला, झेरॉक्स आल्यावर तो स्वतः मारला आणि खाली सही केली. बँकेत सवय होती म्हणून असेल, तारीखही टाकली. करुणाताईंनी शाई वाळेपर्यंत कागद हातात सपाट धरला होता. वाळल्यावर घडी न घालता तक्त्याच्या पाठीशी ठेवून पिशवीत घातला आणि पाणी घालायला निघून गेल्या.

माझ्या नावाचा बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरला. तक्ता रद्द झाला. आता करुणाताई अळीचा आणि झाडाचा फोटो मला पाठवतात. मी चष्मा लावतो. तीनातल्या एका फोटोला मी “माहीत नाही” असं उत्तर देतो, आणि तसं उत्तर आलं की अळी जागेवर ठेवायची असं आमचं ठरलं आहे. कृष्णकमळावर यंदा केशरी फुलपाखरं झाली. त्यांच्या अळ्यांनी वेल पार बोडका केला, म्हणून ग्रुपवर तक्रार आहे.

या प्रकरणाची बातमी फिरली ती मात्र उलटी, की सरांनी सोसायटीला फुलपाखरांची बाग करून दिली. गंगापूर रोडवरच्या आणखी दोन सोसायट्यांनी मला बोलावलं. त्यांनाही बाग करायची आहे, त्यांनाही एक पान हवं आहे. आता मी आधी एकच विचारतो: तक्ता चुकला तर नोकरी कुणाची जाईल? माझी जाणार असेल तर लगेच करून देतो. मी निवृत्त आहे, त्यामुळे अजून एकही करून दिलेला नाही.